खरड छाटणीच्या दिवसांत

वसंत ऋतू नाशिकमध्ये नेमका कधी येतो, असे गेल्या वर्षापर्यंत कोणी विचारले असते, तर पाठ्यपुस्तकातले ‘चैत्र-वैशाख’ हे उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो, कारण या शहरात पंचेचाळीस वर्षे काढूनही त्या दिवसांत मी कधी उजेडात घराबाहेर नसे. हिशेबाचे काम करणाऱ्याला फेब्रुवारी उजाडला की मार्चअखेर दिसू लागतो आणि मार्चअखेर सरला की लेखापरीक्षक दारात उभे राहतात. मोहर, पालवी आणि कोकिळ हे सारे खिडकीबाहेर, वातानुकूलन यंत्राच्या घरघरीपलीकडे उरकून जाते. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात माझी बावीस वर्षे अशीच गेली. यंदा जानेवारीत एका दुपारी आम्हा चौघांना वरच्या मजल्यावर बोलावून विभाग दुसऱ्या शहरातील मुख्य कार्यालयात हलवला जात असल्याचे सांगण्यात आले आणि महिनाअखेरीस शाल, नारळ व भिंतीवरचे एक घड्याळ देऊन निरोप देण्यात आला. ज्याला यापुढे वेळेवर कोठेही पोहोचायचे नाही त्याला घड्याळ देण्याची कल्पना कोणाची, हे मला अद्याप कळलेले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मोबाइलवर सांत्वनाचे जे संदेश आले, त्यांतील निम्म्यांत तरी पानगळ आणि वसंत होता. पानगळ झाल्यावाचून पालवी फुटत नाही, अशा अर्थाचे एखादे वाक्य, मागे गुलाबी फुलांचे चित्र आणि खाली जोडलेले हात. पाठवणाऱ्यांच्या आपुलकीविषयी मला शंका नाही. पण त्या वाक्यात एक गृहीत धरलेली गोष्ट होती आणि ती मला टोचत होती. आधी वाईट दिवस, मग चांगले दिवस, आणि दोहोंमध्ये एक सरळ रांग. रांगेत गुमान उभे राहिले की आपला क्रमांक लागणारच. तेव्हा मला ते खोटे वाटले. तीन महिने रोज सकाळी चालून आल्यानंतर आता वाटते की ते अगदीच खोटे नाही, मात्र ते थंड प्रदेशातील झाडांकडे पाहून सुचलेले असावे. तेथे बर्फ वितळतो आणि मग अंकुर दिसतो. आपल्याकडे संकट ओसरल्यावर वसंत येत नाही. तो संकटाच्या ऐन मध्यावर येतो.

वसंतपंचमीला तर येथे वसंताचा मागमूसही नसतो. आमची कन्या यंदा दहावीला असल्यामुळे माघ शुद्ध पंचमीला घरात तिच्या पुस्तकांची पूजा झाली, तेव्हा ती स्वेटर आणि कानटोपी घालून पाटावर बसली होती. निफाडच्या बाजूला अशा दिवसांत पारा इतका उतरतो की तयार होत आलेल्या द्राक्षमण्यांना थंडीने तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे उठून बागांमध्ये शेकोट्या पेटवतात आणि धूर करतात. पंचांगाने ऋतूचे दार उघडलेले असते, पण आत अजून कोणी आलेले नसते.

मी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे राहतो, त्यामुळे प्राचीन बौद्ध लेणी असलेली पांडवलेणी ही माझी जवळची टेकडी. नोकरीत असताना महामार्गावरून जाता-येता ती रोज दिसे आणि वर्षातून एकदा, पाहुणे आले की, चढली जाई. फेब्रुवारीपासून मी रोज पहाटे तेथे जाऊ लागलो. सुरुवातीला हेतू एवढाच होता की शेजारी कामावर निघण्याच्या वेळी आपण घराच्या गॅलरीत उभे दिसू नये.

पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती काटेसावर. अंगावर एक पान नाही, खोडावर काटे, आणि उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक फुले. सावरीचे फूल पाकळी-पाकळीने गळत नाही. ते आख्खे, जड, मांसल असे खाली पडते आणि पडताना ‘धप्प’ असा स्पष्ट आवाज होतो. पहाटेच्या शांततेत मागे कोणीतरी पिशवी टाकली असे वाटून मी दोनदा वळून पाहिले. वर साळुंक्या, बुलबुल आणि कावळे यांची अशी वर्दळ, की त्या झाडावर जणू मध्यवर्ती बसस्थानक भरलेले. पाने नसल्यामुळे फुले लांबून दिसतात आणि मधासाठी पाखरे येतात, हा त्यामागचा व्यवहार. पुढे पांगारा फुलला, मग पळस. त्र्यंबकच्या रस्त्याला आणि पेठच्या बाजूला पळस असा पेटतो की धावत्या बसमधूनही माणसे मान वळवतात. या तिन्ही झाडांत एक साम्य आहे : पाणी आटत चालले असताना, जमीन कोरडी पडली असताना आणि पावसाळा अजून तीन महिने लांब असताना ती आपली सगळी शिल्लक बाहेर काढतात. हिशेबनीस म्हणून मी त्यांना तसा सल्ला कधीच दिला नसता.

पण खरे पाहण्यासारखे घडले ते घराशेजारच्या पिंपळावर. मार्चच्या मध्याला तो चार-पाच दिवस जवळजवळ पूर्ण उघडा होता. मग एके सकाळी त्याच्याखाली जमिनीवर फिकट गुलाबी रंगाच्या, कागदासारख्या पातळ, निमुळत्या टोप्यांचा सडा दिसला. मी एक उचलून पाहिली. पिंपळाची कळी ज्या आवरणात गुंडाळलेली असते ते आवरण ते. पान उलगडले की ते गळून पडते. वर पाहिले तर प्रत्येक डहाळीच्या टोकाला तांबूस, लवलवती, हाताला ओलसर लागतील अशी पाने लोंबत होती. देठ अजून इतके दुबळे होते की पाने खाली मान घालून होती, पण पिंपळाची ती लांब शेपटीसारखी टोके मात्र पहिल्या दिवसापासून पुरी होती. हरितद्रव्य भरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर हा तांबूस रंग कोवळ्या पानाला प्रखर उन्हापासून जपतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मला त्यातली वेळ आश्चर्याची वाटली. दुपारचा पारा चढत होता, सोसायटीत टँकरची चर्चा सुरू झाली होती, आणि हे झाड नवीन पाने काढत होते. ते पाणी येते कोठून? खोडात साठवलेले आणि मुळांनी खोलवरून ओढलेले. पावसाळा सुरू होईल त्या दिवशी पान पुरते तयार असले पाहिजे, म्हणून ते उन्हाळ्यात काढायचे. पाऊस आल्यावर पान काढू, असे म्हणणारे झाड पावसाचे पहिले दिवस वाया घालवील.

याच सुमारास तांबट ओरडू लागला. हिरव्या अंगाचा, कपाळावर लाल टिळा असलेला हा लहानसा पक्षी दिसत सहसा नाही, पण त्याचे ‘टुक् टुक् टुक्’ ऊन वाढत जाईल तसे एका लयीत चालू राहते, जणू कोणी पत्र्यावर हातोडी मारत आहे. त्याचे नाव त्यावरूनच पडले. माझे लहानपण जुन्या नाशकात गेले, आणि तांबट आळीतून शाळेत जाताना तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा खराखुरा आवाज कानावर पडत असे. आता तेथे ठोके विरळ झाले आहेत. पाखराने मात्र कारागिराचे नाव आणि काम दोन्ही चालू ठेवले आहे.

रंगपंचमीला मी मुलीला घेऊन मुद्दाम जुन्या नाशकात गेलो. तिचे काही पेपर बाकी होते आणि आईचा या सहलीला विरोध होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. इतर गावांत रंगाचा जोर धुळवडीला असतो, नाशिकमध्ये तो फाल्गुन वद्य पंचमीला, आणि त्याचे केंद्र म्हणजे रहाड. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा अशा जुन्या वस्तीतल्या चौकांत जमिनीखाली दगडी बांधणीचे हौद आहेत, ते पेशवेकालीन मानले जातात. वर्षभर ते फळ्या टाकून, वर माती लोटून बुजवलेले असतात. त्यांच्यावरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात आणि नवख्या माणसाला पायाखाली काही आहे याची कल्पनाही येत नाही. रंगपंचमीच्या आधी ती माती उकरून, फळ्या काढून, हौद धुऊन त्यात पाणी भरतात, पळसाची फुले उकळून काढलेला रंग ओततात, पूजा करतात आणि मग एकेक जण काठावरून आत उडी घेतो. त्या उडीला ‘धप्पा’ म्हणतात. काठावरची माणसे भिजावीत अशीच ती मारायची असते. मी विशीनंतर धप्पा मारला नव्हता. यंदा मारला. वर आलो तेव्हा मुलगी काठावर उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती, आणि माझ्या खिशात मोबाइल होता हे मला तेव्हा आठवले.

फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांनी सुरू झाला, आणि त्याच संध्याकाळी त्यावर मामांचा फोन आला. दिंडोरी तालुक्यात त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे. एका प्लॉटचा माल निघाला होता, दुसऱ्याचा सौदा ठरला होता आणि दोन दिवसांत तोडणी व्हायची होती. दुपारी साडेतीनला आभाळ काळवंडले आणि वीस मिनिटे गारा पडल्या. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मांडवाखाली फुटक्या मण्यांचा चिखल झाला होता, घडांवर माशा घोंगावत होत्या आणि आंबूस वास सुटला होता. ठरवलेला व्यापारी फोन उचलत नव्हता. मामी ओसरीवर बसून होत्या. मामांनी मला बाग फिरवून दाखवली, जणू पाहुण्याला घर दाखवावे तशी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीत त्यांचे याहून मोठे नुकसान झाले होते, ते म्हणाले, “तेव्हा वय होतं, भाचेबुवा.” एवढेच. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी काही विचारले नाही आणि त्यांच्या बागेबद्दल मी काही बोललो नाही. निघताना मात्र म्हणाले, “पाडवा झाला की खरड धरायचीय. रिकामाच असशील, तर ये.” ‘रिकामाच असशील’ हे शब्द कोणीतरी इतक्या सरळपणे उच्चारल्याने मला उलट हलके वाटले.

पाडव्याच्या आधीचे सात-आठ दिवस मी पुन्हा पांडवलेण्यांत काढले, पण या वेळी हातात पुस्तक होते. 1840 साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून मी तेथील शिलालेखांविषयीचे एक जुने पुस्तक आणले होते. लेणे क्रमांक 10 मध्ये क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. वर्ष 42, महिना वैशाख. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव ठेवली, तीही गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे : 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि 1000 दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायची. लेण्याच्या ओसरीत उभ्या उभ्या मी मनात गुणाकार केला. दोन हजारांवर महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. ताळा जमला. जवळजवळ एकोणीस शतकांपूर्वीच्या हिशेबनिसाचा ताळा जमलेला पाहून मला जो आनंद झाला तो जानेवारीनंतरचा पहिलाच धंद्यातला आनंद होता. पावसाळ्यातल्या वस्त्रांची तरतूद केली गेली ती वैशाखात, हेही ध्यानात राहिले.

थोड्याच अंतरावर, लेणे क्रमांक 3 मध्ये, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाने त्या नहपानाच्या क्षहरात वंशाचा उच्छेद केला, हे त्यात अभिमानाने सांगितले आहे. लेख कोरला गेला तेव्हा गादीवर नातू होता. राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तेराव्या दिवशी, अशी त्याची मिती आहे. त्या काळच्या या गणनेत वर्षाचे तीनच ऋतू : गिम्ह, वास आणि हेमंत, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. वसंताला स्वतंत्र घर नाही; तो उन्हाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यांत भाडेकरूसारखा राहतो. नाशिकच्या माणसाला ही गणना पटावी. आपल्याकडे मे महिन्यात गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर, दिवसभर तापलेल्या फरशीवर बसून ऐकायच्या व्याख्यानांच्या मालेला आपण ‘वसंत व्याख्यानमाला’ म्हणतो आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. बलश्री त्या लेखात स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणवते. मुलाच्या पराक्रमाची लांबलचक ओळ संपवून ती लेण्याच्या दानाकडे वळते. मुलगा गेलेली म्हातारी राणी उन्हाळ्याच्या तोंडाशी उभी राहून डोंगरात खोल्या खोदवून देते, त्याही भिक्षूंना राहण्यासाठी. मी या लेखासमोर बराच वेळ उभा होतो. मागे शाळेची एक सहल आली आणि शिक्षकांनी मुलांना हा पांडवांचा राजवाडा असल्याचे सांगितले, तेव्हा तेथून निघालो.

पाडव्याला कडुनिंब, गूळ, ओवा, मीठ, चिंच असे सगळे वाटलेली गोळी नेहमीप्रमाणे खाल्ली. त्याविषयी जास्त लिहीत नाही, कारण त्यावर दरवर्षी सगळेच लिहितात. एवढेच सांगतो की गुढीसाठी डहाळी तोडताना कडुनिंबाची पालवीही तांबूस असते हे मी प्रथमच पाहिले.

आणि मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड.

द्राक्षाची वेल मूळची थंड हवेतली. तिकडे हिवाळ्यात ती पाने गाळून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्या उबदार हवेत तिला ती झोप मिळत नाही, म्हणून आपल्याकडे तिची दोनदा छाटणी होते : ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यानंतर घड येतात, आणि फळे निघाल्यावर, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी. हे मला ऐकून ठाऊक होते. पाहिलेले नव्हते. मामांकडे सुरगाण्याहून आलेली मजुरांची टोळी होती. नवरा-बायको अशा जोड्या, सोबत दोन-तीन पोरे, झाडाला बांधलेली एक झोळी. पहाटे सहाला काम सुरू झाले आणि नऊ वाजेपर्यंत हिरव्या मांडवाचा अर्धा भाग उघडा पडला. त्या बायकांपैकी एकीने मला कात्री धरायला शिकवले. तारेवर आडवा पसरलेला जाड, तपकिरी, सालीचे पदर सुटलेला जो हात असतो तो ओलांडा. त्याला धक्का लावायचा नाही. त्यावरून निघालेली, गेल्या वर्षभरात वाढलेली, घड दिलेली जी काडी असते ती कापायची, आणि तळाशी एक डोळा राखायचा. फार तर दोन. बाकी सगळे खाली.

माझी कात्री पहिल्याच काडीवर थांबली. ती बोटाएवढी जाड होती, तिच्यावर अजून हिरवी, रुंद, निरोगी पाने होती. गारांच्या तडाख्यातून ती वाचली होती. मी काडी धरून उभा राहिलेला पाहून ती बाई म्हणाली, “तोडा ना भाऊ. तिचं काम झालं.” मी दाबले. कट्कन आवाज आला. कापलेल्या गोल तोंडावर फिकट हिरवे कडे होते आणि थोड्या वेळाने त्यावर पाण्याचा एक थेंब जमला. तळाशी राहिलेला डोळा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा एक तपकिरी फुगवटा, वर लवेसारखा कापूस. त्यात काही असेल यावर विश्वास बसणे कठीण होते.

दुपारी चिंचेखाली भाकरी खाताना मामांनी जे सांगितले ते मला या सर्व महिन्यांतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठ-पंधरा दिवसांत हे डोळे फुटतील, नवीन काड्या निघतील. त्या काड्यांवर पुन्हा डोळे तयार होतील. आणि मे-जूनच्या सुमारास, छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात, त्या नव्या डोळ्यांच्या आत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. नुसत्या नजरेला न दिसणारा, सूक्ष्म, पण घड. त्यासाठी त्या काळात काडीला भरपूर कडक ऊन लागते. तेव्हा ढगाळ राहिले, तर डोळ्यात घडाऐवजी नुसती वेल बनते, आणि ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, खर्च सगळा झाल्यावर, कळते. म्हणजे येत्या फेब्रुवारीत आपण जे द्राक्ष खाऊ ते या मे महिन्याच्या उन्हात, कोणाला न दिसता, ठरायचे आहे. मामा म्हणाले, “लोक म्हणतात ऊन लई आहे. आम्ही म्हणतो, पडू दे.”

मला लेण्यातली ती ठेव आठवली. ओलांडा हे मुद्दल आणि काडी हे व्याज. गारांनी यंदाचे व्याज नेले. मुद्दल तारेवर तसेच होते, साल सुटलेले आणि कुरूप. मामांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

मी तेथे चार दिवस होतो. हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी कंबर धरली, आणि सुरगाण्याच्या जोडप्यांच्या तुलनेत माझा वेग एवढा हास्यास्पद होता की तिसऱ्या दिवशी मामांनी मला कापलेल्या काड्या गोळा करण्याच्या कामावर घातले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाग पाहिली, तर तारा, ओलांडे आणि आभाळ एवढेच उरले होते. गारपिटीनंतरही ती इतकी ओकीबोकी दिसली नव्हती.

खरडीनंतर अकराव्या दिवशी मामांनी छायाचित्र पाठवले. हात थरथरल्यामुळे ते अंधुक होते. तपकिरी ओलांड्यावर कापसातून बाहेर आलेले एक गुलाबी-पोपटी टोक, मागे मामांचा अंगठा. सोबत एकही शब्द नाही, फुलांचे चित्र नाही, जोडलेले हात नाहीत. मी ते पत्नीला दाखवले. ती म्हणाली, “हे काय आहे?” मी सांगितले. तिने फोन जवळ घेऊन ते मोठे करून पाहिले आणि मुलीला हाक मारली.

नोकरी अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एका ठिकाणी माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलाने मला पुढच्या पाच वर्षांत मी स्वतःला कोठे पाहतो, असे विचारले, आणि मी त्याला ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंतचे सांगता येईल असे म्हणालो. ते पद मला मिळणार नाही.

गेल्या रविवारी मामा नाशकात आले होते. येताना त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या तीन वर्षांच्या पावत्या आणल्या : औषधे, खते, मजुरी, तार, डिझेल, काही नुसत्या वहीच्या पानावर पेन्सिलीने केलेल्या नोंदी. शेजारच्या दोघा बागायतदारांच्याही पिशव्या असल्याचे त्यांनी चहा संपल्यावर सांगितले, आणि फुकट नको, हेही. मी नवी लांब वही काढली, डाव्या पानावर खर्च आणि उजव्यावर जमा असे रकाने आखले आणि लिहायला बसलो. खरड छाटणीची मजुरी, बोर्डो पेस्ट, शेणखत. डावी पाने भराभर भरत गेली. मामा खुर्ची ओढून बाजूला बसले होते आणि चष्मा नसल्यामुळे त्यांना अक्षरे दिसत नव्हती, पण कोरी पाने दिसत होती.

“एवढी जागा कशाला सोडलीस रे?”

“जमेला.”

मामांनी वही हातात घेतली, अंगठ्याने पाने चाळली आणि परत दिली.

“मग अजून दोन सोड.”